विसाव्याची जागा

“अक्षरावर पैसे आहेत ताई. साधं अक्षर एक, जोडाक्षराचे दोन धरतो. काना-वेलांटीचं काही घेत नाही.”

हे सांगताना कारागिराच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेवरही संगमरवराची पांढरी भुकटी बसलेली होती. मार्च संपत आला की नगरचे रस्ते दुपारी ओस पडतात. त्या ओस रस्त्यावर त्याच्या पत्र्याच्या शेडमधून ग्राइंडरचा आवाज दातांत कळ आणत होता. एका बाजूला पाटे-वरवंटे, मधे शेंदराची वाट बघणारा मारुती, आणि भिंतीला टेकवलेल्या पाट्या: बंगल्यांच्या, दुकानांच्या, कोनशिलांच्या आणि आमच्या. आमच्या म्हणजे वर क्रूस असलेल्या. मी वहीच्या कागदावर मजकूर लिहून नेला होता. आईचं नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली एक ओळ: ‘प्रभूमध्ये सार्वकालिक विसावा पावली.’ कानावरची पेन्सिल काढून तो मोजायला लागला. ‘प्र’खाली दोन टिंबं दिली, ‘ध्ये’खाली दोन, ‘र्व’पाशी जरा घुटमळला आणि रफार माफ केल्यासारखा पुढे गेला. मग परत मागे आला.

“हे सार्वकालिक म्हंजी काय हो?”

“म्हणजे कायमचा.”

“कायमचा इसावा?”

“हो.”

“मग त्याला इसावा कसा म्हनायचा? इसावा घेतला म्हंजी पुन्हा उठायचं आलंच की.”

त्याला वाद घालायचा नव्हता. पेन्सिल त्या शब्दावर आडवी धरून, बहुधा माझे पैसे वाचावेत म्हणूनच, त्याने विचारलं, “काढू का एवढा शब्द?” मी उद्या सांगते म्हणाले आणि रिक्षात बसले. घरी पोचल्यावर लक्षात आलं, कागद तिथेच राहिला होता.

माणूस वारकरी होता, त्यामुळे त्याचा विसावा कुठला ते मला लगेच कळलं. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पंढरपूरला जाते. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली, दिंडीतली काही माणसं टेकायची. बायका डोक्यावरची तुळस अलगद खाली ठेवायच्या, पायांचे फोड निरखायच्या, कोणी भाकरीचं फडकं सोडायचं, कोणी तिथल्या तिथे पाच मिनिटं घोरून घ्यायचं. आई ड्यूटीवरून आलेली असली तर चपलाही न काढता घरातून स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन परत बाहेर. “फोड फोडू नका हो मावशी, वरची कातडी राहू द्या तशीच.” आणि वीणेकरी उठला की अर्ध्या मिनिटात सगळं आवरून लिंबाखाली फक्त चिरमुरे सांडलेले. दुसरा विसावा प्रेतयात्रेतला. शेजारचे आण्णा गेले तेव्हा मी भावाबरोबर चोरून मागे गेले होते. निम्म्या वाटेवर एका ओट्यापाशी तिरडी खाली टेकवली. मला वाटलं, झालं, पोचलो. तेवढ्यात खांदेकऱ्यांनी खांदे बदलले आणि तिरडी पुन्हा उचलली. भाऊ म्हणाला, हा नुसता विसावा, अजून पुढं आहे. दोन्हीकडे तो मधलाच असतो. मुक्कामाला कोणी विसावा म्हणत नाही. अर्थात निवृत्तीनंतर बांधलेल्या निम्म्या बंगल्यांचं नाव हेच असतं, आणि त्या शेडमध्येही तशी एक पाटी भिंतीला टेकून उभी होती, त्यामुळे कारागिराने हा प्रश्न बंगलेवाल्यांना का विचारला नाही, असंही माझ्या मनात आलं.

आमच्याकडे मात्र या शब्दाच्या पुढे काही नसतं. शेजारीपाजारी माणसं वारायची, कैलासवासी व्हायची. आमची ख्रिस्तवासी व्हायची. आईच्या वेळी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत कोणीतरी सवयीने ‘कै.’ छापलं, तर भाऊ भडकून फोन लावायला निघाला. दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, “राहू दे रे. कैलासावरही तिला कोणी ना कोणी जुना पेशंट भेटेलच.” आजी यांतलं काहीच म्हणत नसे. ती म्हणायची, “प्रभूमध्ये निजले.” बायबलात पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात मेलेल्यांना झोपी गेलेले म्हटलंय, तिथून ते आमच्या घरात आलं. सिमेट्री हा शब्दसुद्धा मुळात ग्रीक, आणि त्याचा अर्थ निजण्याची जागा; पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तो आपल्या दफनभूमीला लावला. हे मला फार नंतर कळलं. लहानपणी एवढंच कळत होतं की आमच्यातली माणसं मरत नाहीत, निजतात. मला ते सहज पटायचं, कारण आमच्या घरात दिवसाढवळ्या निजलेलं माणूस होतं.

आई नर्स होती. नाइट असली की सकाळी साडेआठला घरी यायची. अंगाला स्पिरिटचा, फिनेलचा आणि उकळलेल्या सिरिंजांच्या वाफेचा वास. न्हाणीतून बाहेर आली की चहात बुडवून दोन बटर खायची, मधल्या खोलीच्या खिडकीवर निळी चादर अडकवायची आणि आडवी व्हायची. त्या चादरीतून येणाऱ्या उन्हात खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. मग घरभर एकच हुकूम: आई निजलीय, आवाज करू नका. आजी त्या दिवशी कुकर लावत नसे, पातेल्यात भात करायची. दार वाजू नये म्हणून फटीत कापडाची घडी. आम्ही भावंडं पत्ते खेळतानासुद्धा पान टाकत नसू, ठेवत असू. मधूनच मी दाराशी जाऊन बघायची, तिच्या पोटावरचं पांघरूण वरखाली होतंय ना. एकदा बराच वेळ ते हललेलं दिसेना, म्हणून जवळ जाऊन तिच्या नाकापुढे बोट धरलं. डोळे न उघडता तिने विचारलं, “कोण रडलं?” कोणीच रडलेलं नव्हतं. झोपेतही तिचा एक कान वॉर्डात असायचा.

तिला पूर्ण झोपलेली मी पहिल्यांदा पाहिली ती पेटीत.

झोप अपुरी पडते म्हणून तिने कधी कुरकुर केली नाही. ठरलेलं वाक्य होतं, “मेल्यावर झोपायचंच आहे.” हे आपल्याकडे प्रत्येक घरातली एक तरी बाई म्हणते. पण आमच्याकडे ते नुसतं बोलणं नव्हतं, तसं खरंच कबूल केलेलं होतं, पुस्तकात लिहून दिलेलं होतं. आणि तरीही उपासनेत मार्था-मरीयेची गोष्ट आली की आई चुळबुळायला लागायची. येशू घरी आलाय, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकतेय, मार्था एकटी सगळ्यांच्या जेवणाखाली मरतेय, आणि बोलणी कोणाला बसतात तर मार्थाला. “मग शेवटी जेवले काय सगळे?” घरी येताना आई हमखास विचारायची, “मरीयेनं ऐकलेलं?” दादा चर्चच्या मंडळीत ‘वडील’, म्हणजे एल्डर, होते, त्यांना हसणं शोभत नसे, तरी हसायचे.

हे कामाचं वेड आमच्या घरातल्या बायकांत मागून आलेलं आहे. आजीची आई केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात वाढली. तिथून तिने आणलेली एक गोष्ट आमच्याकडे दागिन्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत, आणि छपाईही तिथेच चालायची. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यांची स्वतःची तब्येत ढासळलेली. शेवटची मुद्रितं तपासायची राहिली होती. तेवढे दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली, असं सांगतात. काम पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. आजी ही गोष्ट सांगून झाली की पदर सावरत म्हणायची, “तपासून झालं, मग निजल्या.” लहानपणी मला त्यात रमाबाईंची थोरवी दिसायची. आता राग येतो. रमाबाईंचा राग कशाला येईल. आमच्या घराने त्यातून जो अर्थ काढला त्याचा येतो. आधी काम, मग झोप, आणि झोप म्हणजे एकदम मरण. मधे काही नाही. थकलेल्या बाईला ‘वर विसावा आहे’ असं सांगणं फार स्वस्तात पडतं. तिची एक नाइट कमी करायची तर दुसरी बाई नेमावी लागते, तिला पगार द्यावा लागतो. आणि ज्या शास्त्राच्या नावाने हे सांगितलं जातं त्यात विसाव्याची आज्ञा आठवड्याच्या आठवड्याला आहे. दहा आज्ञा दुसऱ्यांदा सांगताना मोशे शब्बाथापाशी, म्हणजे विसाव्याच्या दिवसापाशी, यादीच वाचतो: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आतला परका. मिसर देशात तूही दास होतास हे विसरू नकोस, असंही बजावतो. गाढवालासुद्धा आठवड्याची सुटी लिहून दिलेली, आणि आमची आई रविवारी उपासनेच्या पांढऱ्या साडीतच ड्यूटीवर.

स्वर्गाची तर मला लहानपणी भीतीच वाटायची. संडेस्कूलच्या भिंतीवर एक चित्र होतं. सोन्याचा रस्ता, काचेसारखी नदी, पांढऱ्या झग्यातली माणसं ओळीने उभी राहून गाणारी. सगळी नुसती उभी. कायमचा रविवार. मी एकदा पाळकसाहेबांना विचारलं, तिथं दुपारी काय करायचं असतं? ते म्हणाले, तिथं दुपार नसते. मला ते भयंकर वाटलं. दुपार नाही म्हणजे निळी खोली नाही. पुढे कळलं की धास्ती एकट्या माझी नाही. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आशेवर एक पत्र लिहिलं. आम्ही प्रॉटेस्टंट, पोपची पत्रं आमच्याकडे येत नाहीत, पण वसईच्या मैत्रिणीने वाचायला दिलं. त्यात ते सरळच विचारतात, आपल्याला खरंच कायम जगायचं आहे का? कधीच न संपणारं जगणं वरदानापेक्षा शापच वाटेल. मग म्हणतात, कॅलेंडरची पानं संपतच नाहीत असं काही डोळ्यांपुढे आणू नका. अथांग प्रेमाच्या समुद्रात बुडी घेतल्यासारखा तो क्षण असेल, ज्यात आधी आणि नंतर उरतच नाही. एवढ्या मोठ्या माणसालाही शेवटी उपमाच शोधावी लागली, याचं मला बरं वाटलं. म्हणजे पाळकसाहेबांचं ‘तिथं दुपार नसते’ हेही बरोबरच होतं. त्यांनी समुद्र घातला नाही एवढंच.

आई गेल्यावर मला संत ऑगस्टीनची आई, मोनिका, आठवत राहिली. ‘तुझ्या ठायी विसावेपर्यंत आमचं हृदय बेचैन असतं’ या अर्थाचं त्याचं वाक्य ख्रिस्ती कॅलेंडरांवर इतकं छापलं गेलंय की त्याची धार बोथटलीय. पण त्याच आत्मकथनात पुढे मोनिकाच्या मरणाचा भाग आहे. साल ३८७. आफ्रिकेला, आपल्या घरी, परत निघालेली ही माणसं रोमजवळच्या ओस्तिया बंदरात थांबली होती. विसाव्यालाच, म्हणा ना. खिडकीशी उभं राहून मायलेक खालच्या बागेकडे बघत बोलत होते, की संतांचं ते सार्वकालिक जीवन असेल तरी कसं. पुढे काही दिवसांतच तिला ताप भरला. गावी नवऱ्याच्या शेजारी तिने स्वतःसाठी जागा करून ठेवली होती आणि त्या जागेचा तिला फार घोर असे. आता मात्र म्हणाली, हे शरीर कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका. प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण काढा म्हणजे झालं. ५६ व्या वर्षी ती गेली. ऑगस्टीन ३३ वर्षांचा. त्याने तिचे डोळे मिटले आणि रडू गिळलं. त्याचा मुलगा हंबरडा फोडायला लागला तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. विश्वास आहे ना, मग रडायचं कशाला. ऑगस्टीन मग अंघोळीला गेला, कारण अंघोळीने मनावरचं दुःख उतरतं असं त्याने ऐकलं होतं. नाही उतरलं. मग झोपला. उठल्यावर थोडं हलकं वाटलं, आणि अंथरुणात, कोणी बघत नसताना, तो एकदाचा रडला. सोळाशे वर्षं होऊन गेली, पण तो भाग वाचताना मला अजून त्या माणसाच्या ओल्या केसांची कणव येते.

आमच्याकडेही कोणी मोठ्याने रडलं नाही. हार्मोनियम-तबल्यावर भजनं चालू होती, बरीचशी नारायण वामन टिळकांची. नगरच्या मंडळीला दुःखातही ताल सोडता येत नाही, तो त्यांच्यामुळे. बायका म्हणत होत्या, सुटली गं, विसावली. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, दहावा कधी? मी म्हटलं, आमच्यात दहावा नसतो काकू, तिसऱ्या दिवशी घरी भक्ती ठेवलीय. त्या थोड्या गोंधळल्या. “मग कावळा?” “कावळा नाही.” “अगं मग त्या पोचल्या हे तुम्हाला कळतं कसं?” मी काय सांगणार होते? चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने उठले.

शेवटचे चार दिवस ती दवाखान्यात होती. जिथे नोकरी केली तिथे नव्हे, दुसऱ्या. तिसऱ्या रात्री तिला भ्रम झाला. एका हाताला सलाईन, आणि दुसऱ्या हाताने ती चादरीचा कोपरा चाचपून गादीखाली मुडपत होती, आयुष्यभर खाटा लावल्या तशी. “चार नंबरची बाटली संपत आलीय. सातला दोन वाजता इंजेक्शन. अकराच्या आजी रात्री उठून चालायला लागतात, बघ त्यांच्याकडे. नऊच्या बाळंतिणीच्या अंगावर जातंय, डॉक्टरांना कळवलंय.” मी म्हटलं, आई, मी आहे ना, झोप तू. तिने ऐकलं नाही. पुन्हा पहिल्यापासून, चार नंबरची बाटली. नर्सांच्या बोलण्यात याला ओव्हर देणं म्हणतात. रात्रीची बाई सकाळच्या बाईला वॉर्ड सोपवते तेव्हा एकेका खाटेपाशी उभं राहून सगळं सांगायचं. ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, आणि रिलीव्हर आली नाही तर पाय मोडून आले तरी घरी जायचं नाही. दुपारची तिची झोपसुद्धा रिलीव्हर कोण आहे त्यावर ठरायची. अमकी असली की गाढ. तमकी असली की निळ्या खोलीत छताकडे बघत पडलेली. तिसऱ्यांदा ती चार नंबरवर आली तेव्हा ड्यूटीवरची नर्स बाटली बदलत होती. वीस-बावीसची पोरगी, केसांना चापून तेल लावलेलं, ॲप्रनच्या खिशातून पेन गळलेलं. ती थांबली. आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “सिस्टर, ओव्हर घेतली मी. अकराच्या आजींकडेही बघते. तुम्ही निघा आता.”

आईने चादरीचा कोपरा सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, पण मला विचाराल तर ती निघाली त्या वाक्याला. मी तिला ‘झोप झोप’ म्हणत राहिले आणि तिला झोप नकोच होती, तिला रिलीव्हर हवी होती. १२१ वं स्तोत्र तिचं आवडतं. इस्राएलाचा राखणदार झोपत नाही, डुलकीसुद्धा घेत नाही, असं त्यात येतं. ते वाचून ती म्हणायची, “बरं आहे, एक नाइट तरी त्याची कायमची.” मी त्याला चेष्टा समजत होते. म्हातारा शिमोन मंदिरात बाळ येशूला हातांवर घेतो आणि म्हणतो, प्रभू, आता तू आपल्या दासाला शांतीने जाऊ देतोस. दर नाताळात ऐकलेलं. आता ते ऐकलं की मला साडेआठची वेळ दिसते, हातातली पिशवी दिसते, चपला बदलणारी आई दिसते.

‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ आमच्या कबरस्थानात सगळ्यांत जास्त कोरलेलं वचन हेच असावं. त्याच्या पुढचं कोणी कोरत नाही, पाटीवर जागा नसते. पुढे तो लगेच म्हणतो, माझं जू आपल्यावर घ्या. ओझ्याने वाकलेल्या माणसाला बोलवायचं, विसावा कबूल करायचा आणि पुढच्याच श्वासात मानेवर जू ठेवायचं, हे मला कधी झेपलं नव्हतं. दादांचं लहानपण शेतावरचं. ते म्हणाले, “त्यात काय? नवं खोंड शिकवायचं तर जुन्या बैलाबरोबर जुंपतात. ओढतो जुनाच. खोंडानं नुसतं बरोबर चालायचं.” टीकाकार काय म्हणायचं ते म्हणोत, मला दादांचा अर्थ पुरतो. इब्री लोकांच्या पत्रात विसाव्यावर दोन अध्याय आहेत, तिथेही चाळीस वर्षं रानात चालणारी माणसंच डोळ्यांपुढे आहेत. चालणं नसेल तर विसावा या शब्दाला अर्थच नाही, हे नगरच्या शेडमध्येही ठाऊक होतं.

माझा विश्वास सगळ्या दिवशी सारख्या वजनाचा नसतो. काही रात्री ती आहे असं इतकं पक्कं वाटतं की बटरचा वास येतो. काही रात्री नुसती माती असते, नगरची काळी, उन्हाने भेगाळलेली. मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या वेळात माणूस कुठे असतो, यावर आमचे थोर लोकही एकमेकांशी भांडलेत. लूथर पुष्कळदा त्याला झोप म्हणतो. काल्व्हिनने पंचविशीत, १५३४ मध्ये, आत्मा झोपतो म्हणणाऱ्यांच्या विरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणतो, तू ‘आज’ माझ्याबरोबर सुखलोकात असशील, आणि पौल म्हणतो, मेलेले ‘शेवटच्या कर्ण्याच्या वेळी’ उठतील. आईला विचारलं असतं तर तिने हात पुसत सांगितलं असतं, झोप लागलेल्याला किती वेळ गेला ते कुठं कळतं, ते दाराबाहेर बसून मोजणाऱ्याला कळतं. दाराबाहेर बसून मी पुष्कळ मोजलेलं आहे. बोट नाकापुढे धरून बघण्याची सवय अजून गेलेली नाही, एवढंच मी खात्रीने सांगू शकते.

दुसऱ्या दिवशी परत शेडमध्ये गेले. कागद मारुतीच्या पायाशी दगडाखाली दाबून ठेवलेला होता. “काढा तो शब्द,” मी म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही. पेन्सिलने ‘सार्वकालिक’ खोडला, मग स्वतःच्याच हिशेबाने ‘विसावा पावली’ही खोडून वर लिहिलं, ‘विसावली’. “इसावली म्हंजी इसावा आलाच त्यात,” तो म्हणाला. अक्षरं आणखी कमी झाली. ‘प्रभूमध्ये विसावली.’ तेवढ्यात भावाचा फोन आला, ‘कष्टी व भाराक्रांत’ पण टाकायचं का म्हणून. कारागिराने ते ऐकलं, बोटांवर जोडाक्षरं मोजली आणि मान हलवली.

ईस्टरच्या आधी पाटी बसली. ईस्टरला आमची मंडळी पहाटे अंधारातच कबरस्थानात जमते. शाली, स्वेटर, कोणाचा तरी चहाचा थर्मास, झेंडूच्या ओल्या पिशव्या, वाऱ्याने विझणाऱ्या आणि पुन्हा लावल्या जाणाऱ्या मेणबत्त्या. पाळकसाहेब टॉर्चच्या उजेडात करिंथकरांच्या पत्रातला कर्ण्याचा भाग वाचत होते, आणि नेमका तेव्हाच बायपासवरच्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. पोरं फिसफिसली. दोन बायकांनी त्यांना डोळे वटारले आणि मग त्याही हसल्या. पुन्हा उठायचं आलंच की, मी मनात म्हटलं, त्याच्याच आवाजात. उजाडायला लागलं तशी पाट्यांवरची अक्षरं एकेक करून दिसायला लागली. आईच्या ओळीखाली कारागिराने, मी न सांगता, हातभर जागा कोरी सोडली होती. दादा तिथे उकिडवे बसले. त्यांनी त्या जागेवर वीत ठेवली, मग तिला लागून चार बोटं.

“माझं बसेल ना एवढ्यात?”

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी दवाने ओल्या झालेल्या दगडावर बोटाने स्वतःचं नाव गिरवून पाहिलं, शेवटचं अक्षर कडेच्या बरंच अलीकडे आलं.

“बसतंय,” ते म्हणाले. “माझ्या नावात जोडाक्षर एकच आहे.”